आल्या-लिंबाचे आबा

आबा बोटवाले आपली कढई दुसऱ्या कोणाला घासू द्यायचे नाहीत. कढई म्हणजे आपल्याकडची दोन कानांची नव्हे. गोल बुडाची, एकाच लांब दांड्याची, लोखंडी, शिंगापूरच्या बाजारातून आणलेली. जेवणं उठली की आबा लुंगी वर खोचून विहिरीजवळ उकिडवे बसायचे आणि नारळाच्या सोडणाने, नुसत्या गरम पाण्याने ती घासायचे. राख नाही, साबण नाही. त्याच बैठकीत टोप, झाकणं, ताटंसुद्धा घासून काढायचे. पुरुषमाणूस भांडी घासतो म्हणून वाटेने जाणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आबा त्यांना ऐकवायचे, "बोटीर तीस वर्सां ह्याच केलंय. जेचो हात चुलीर, तेचोच हात मोरयेत." मी त्यांच्या खानावळीत सहा वर्षं होते. सहा वर्षांत एकदाही मी तिथे भांडं घासलं नाही.

आबा आमच्याच वाडीतले, शिरोड्याचे. तरुणपणी बोटीवर गेले ते कुक होऊन, म्हातारपणाला टेकून परत आले. ऐंशी-एक्याऐंशी साल असेल. बायको आधीच गेली होती, मुलगी मुंबईला दिलेली. त्यांनी समुद्राकडच्या आपल्या माडांत झापांची खोप घातली आणि खानावळ काढली. मी तेव्हा पस्तिशीची. नवरा समुद्रात गेला तो आला नव्हता. घरात दोन मुली आणि सासू. मासे खारवून बाजारात विकायचे. शिकले चौथीपर्यंत, पण मासा कापण्यात गावात मला तोड नव्हती. ते आबांना ठाऊक होतं, म्हणून ते माझ्याकडे आले.

खानावळ सुरू केली त्या दिवशी आबांनी देवीच्या देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. वाडीतली पाच-सहा माणसं मागे उभी होती. "बा देवी माउली, आज ह्यो नारळ तुज्या पायाकडे ठेवन गाऱ्हाणा घालतंय. ही यशोदा माज्या बरोबरीन शिजवतली. अर्दो मान माजो, अर्दो हिचो. ह्या बोलणा खोटा ठरला तर तू बघून घी." मागची माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा." हे मी आबांना बोलायला सांगितलं नव्हतं. ते आपणहून बोलले. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. नवरा गेल्यापासून माझं नाव कोणी चार माणसांत मोठ्याने घेतलं नव्हतं.

आबांचं बोटीवर शिकलेलं जेवण गावाला कधी रुचलं नाही. अख्खी तांबोशी मासळी घ्यायची, तिला दोन्ही अंगांनी चिरा द्यायच्या, चिरांत आल्याचे दोऱ्यासारखे काप भरायचे, खाली गवती चहाची पात घालून वाफवायची. वरून आलं, ओली मिरची, माडाचा गूळ आणि लिंबू यांचा पातळ रस. वाटण नाही, खोबरं नाही, हळदीचा डागसुद्धा नाही. शाळेचे मास्तर पहिल्या आठवड्यात जेवायला आले आणि ताटाकडे बघत बसले.

"आबानू, ह्यां आजाऱ्याचा जेवाण. खोबरा खंय? तिरफळा खंय?"

"मास्तरानू, खोबरा माशाक झाकता. हयसर मासो उघडो आसा."

"उघडो आसा म्हणान तर सांगतंय, तेका कायतरी पांघराक घाला."

मास्तर पुन्हा आले नाहीत. पण खाडीपलीकडून, गोव्याच्या बाजूने गोरे लोक चालत यायचे, ते मात्र यायचे. एक जण आला की पुढच्या आठवड्यात त्याचे चार मित्र. ते ताट चाटूनपुसून खायचे आणि कोण शिजवतं म्हणून विचारायचे. आबा माझ्याकडे बोट करून म्हणायचे, "फिफ्टी फिफ्टी." मला इंग्रजी तेवढंच येतं.

वाफवायला मोठं भांडं नव्हतं, तेव्हा मी घरचं मोदकपात्र नेलं. गणपतीचे मोदक ज्यात होतात त्यात तांबोशी उकडली. सासूला कळलं तेव्हा तिने ते अंगणात भिरकावून दिलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आबा नवं कोरं मोदकपात्र घेऊन दारात आले. सासूच्या पायाशी ठेवून म्हणाले, "वयनी, ह्यां गणपतीचा. जुना माका द्या, तां बाटला." सासू म्हणाली, "तूय बाटलंस, मेल्या, तुका कोण घेतलो?" आणि त्यांना चहा दिला. माणूस असा होता. चूक माझी आणि भरपाई त्यांची.

त्यांनी मला शिकवलं ते नीट शिकवलं. आलं किसायचं नाही, किसलं की चोथा होतो, पाणी निघून जातं. उभं, रेषेवर कापायचं. मिरचीचं बी अर्धं काढायचं, अर्धं ठेवायचं. आणि लिंबू आगीवर कधीही पिळायचं नाही. टोप खाली उतरवायचा, वाफ बसू द्यायची, मग पिळायचं. मी घाई केली की हातावर पळी मारायचे. "आला आदी, लिंबू मागसून. मदी जो गप रवता तो कुक." हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकलं असेल.

एक गोष्ट मात्र त्यांना जमत नव्हती. तिकडे बँकॉकला माशाचं पाणी बाटलीत विकत मिळतं, तांबूस, वासाला घाण, पण दोन चमचे रसात घातलं की रसाला बूड येतं. बोटीवरून आणलेल्या बाटल्या दोन वर्षांत संपल्या. मग नुसतं मीठ घालून बघितलं, सुक्या जवळ्याचं पाणी घालून बघितलं. आबा चाखायचे आणि थुंकायचे. "जीव नाय ह्येच्यात," म्हणायचे. त्या दिवसांत गोरेही कमी झाले. खानावळ बंद करायची भाषा चालली होती.

मे महिन्यात मी घरी खाऱ्याची मडकी काढत होते. आपल्याकडे खाऱ्या माशाचं जे पाणी सुटतं ते माडाच्या मुळात ओततात, माडाला मीठ लागतं म्हणून. मी पेडव्यांच्या, त्या बारक्या माशांच्या, मडक्याचं पाणी ओतायला उचललं आणि आबा काही कामाने अंगणात आले. वास आला तसे थांबले. मडक्यात बोट घातलं आणि चाटलं.

ओटीवरून सासू ओरडली, "अरे मेल्या, माडाचा खत चाटतंस?"

आबा माडाखाली भुईवरच बसले. "बाय," मला म्हणाले, "ह्यां थयसर बाटलयेत भरून इकतत गो. आनी तुमी माडाक पाजतास."

त्यानंतर ते पाणी मी घालू लागले. बांगड्याचं चालत नाही, तेल सुटतं. पेडवेच लागतात. किती पेडव्यांना किती मीठ, किती दिवस ऊन दाखवायचं, कोणत्या फडक्यातून किती वेळा गाळायचं, हे मी चुका करत करत बसवलं. पहिली खेप किडली. दुसरी कडू झाली. तिसरी मी आईच्या जुन्या चिनी मातीच्या बरणीत भरली आणि दिवाळीपर्यंत हात लावला नाही. दिवाळीनंतर तो रस केला तेव्हा आबांनी डोळे मिटून चाखला आणि म्हणाले, "तू माज्यापेक्षा मोठी कुक." पुढे गोरे पुन्हा आले, गोव्याहून गाड्या करून माणसं आली, ती त्या बरणीमुळे आली. आबांनी मला एकदाही विचारलं नाही की यशोदे, तू हे करतेस कसं. खारं घालणं बायकांचं काम, त्यात विचारायचं काय, असं त्यांच्या डोक्यात असणार.

सहाव्या वर्षी गोव्यातल्या एका नव्या हॉटेलची दोन माणसं गाडी घेऊन आली. आबांना आधी कळलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी पेटीतला बोटीवरचा पांढरा कोट काढून घातला होता. मी तांबोशीचं ताट घेऊन बाहेर आले. एकाने माझ्याकडे बघून विचारलं, "ह्या कोण?"

आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती? ती भांडी घासते."

मालवणीत नाही बोलले. कचेरीत बोलतात तसं स्वच्छ बोलले. माझ्या हातातलं ताट पडलंबिडलं नाही. मी ते त्यांच्यापुढे ठेवलं, लिंबाची फोड सरळ केली आणि आत गेले. पाहुणे जेवून गेले. त्या दिवशीची भांडी कोणी घासली म्हणाल, तर आबांनीच. मी खोपीच्या दारात उभी राहून बघत होते. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. सोडण मात्र नेहमीपेक्षा जोरात फिरत होतं.

मी वाट बघितली. वाटलं, उद्या बोलतील. नाही बोलले. चौथ्या दिवशी सकाळी गेले तर खोपीला कुलूप. शेजारची काशी दारात धुणं वाळत घालत होती.

"आबा पयल्या गाडयेन गोव्याक गेले गो," ती म्हणाली. "ती बरणी मांडयेर घेवन बसले होते. तुका सांगल्यानी नाय?"

"सांगल्यानी," मी म्हणाले.

बरणी आईची, आतलं पाणी माझं. ते गेलं त्याचं मला पुढेही फारसं वाटलं नाही. पाणी पुन्हा करता येतं. काशीपुढे मला खोटं बोलावं लागलं, ते वाटलं. वाडीतली माणसं म्हणाली, देवीला गाऱ्हाणं घाल, बोललेलं मोडलं त्याचं बघून घ्यायला सांग. मी गेले नाही. बोलले आबा, मोडलं आबांनी, ऐकलं देवीने. त्यात मी कशाला मध्ये पडू. मी पुन्हा खारे मासे घेऊन बाजारात बसले. चुलीवरची यशोदा गावाने महिन्याभरात विसरून टाकली.

पुढच्या वर्षी गणपतीनंतर आबा माझ्या अंगणात आले. वाळले होते. सासू तोवर गेली होती, नाहीतर तिने दारातूनच परतवलं असतं. मी बसायला पाट दिला, कपात चहा दिला. मी त्यांना अहो-जाहो करते ते वयाला, माणसाला नव्हे.

"बरणी संपली गो," ते म्हणाले. "मिठाचा पाणी घालून वाढवलंय. मगे वास मेलो. सायबान चाखल्यान आनी ताट परत धाडल्यान."

मी खाऱ्याची पाटी सावलीला सारली.

"तेंका शिंगापूरचो कुक होयो होतो. बाईमाणूस शिजवता म्हणान सांगलंय असतंय तर तेंनी माका घेतलोच नसतो. तुका मी मागसून बोलवन घेतलंय असतंय."

"बोलावल्याचा कार्ड माका काय पावला नाय," मी म्हणाले.

आबांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "औंदाचा पाणी आसा?"

"माडाक घातलंय."

त्यांनी माडाकडे बघितलं. चांगला लगडलेला होता.

"मगे कसा करतंस तां तरी सांग. मीठ किती, दीस किती."

मी उठले, त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला, मोरीवर बसले आणि त्यांच्यासमोर तो घासला. सोडणाने, राख न लावता, त्यांच्यासारखा. पालथा घातला आणि म्हणाले, "माका ह्याच येता, आबानू."

ते उठले. जाताना त्यांना त्याच माडाचं शहाळं सोलून दिलं. दारात आलेल्या माणसाला रिकामं पाठवत नाहीत. त्यांनी ते तिथे फोडलं नाही, काखेत धरून नेलं. त्यानंतर हॉटेल सुटलं, ते मुंबईला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले, असं कानावर आलं. माझी बरणी कुठे गेली ते कोणाला माहीत नाही.

आता माझी नात हॉटेलच्या जेवणाचं शिकते. गेल्या सुट्टीत वही घेऊन माझ्याजवळ बसली. मी तिला तांबोशीचा रस करून दाखवला. आलं उभं कापलं, गूळ घातला, बाटलीतलं पेडव्यांचं पाणी दोन चमचे घातलं. तिने लिंबाला हात घातला तशी मी तिच्या हातावर पळी मारली. टोप उतरवला आणि दोघी वाफ बसायची वाट बघत गप राहिलो. मग तिने चाखलं आणि म्हणाली, "आजी, ह्यां तुका शिकवला कोणी?"

"कोणी शिकवूक कित्याक होया?" मी म्हणाले. "आमच्या खानावळीत एक बोटवालो होतो."

"तो कुक होतो?"

"तो भांडी घासायचो," मी म्हणाले.

तिने तसं लिहून घेतलं.