दादाचा दुसरा गाल

आई गेली त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी दादाच्या थोबाडीत मारली. आईला शेवटचे दिवस घरी काढायचे होते आणि त्याने डॉक्टरांचं ऐकून तिला तिथेच ठेवलं होतं. माझा राग भडकला की मागचं-पुढचं बघत नाही. दादा डावा गाल धरून बाकावर बसला.

मी चर्चमध्ये रविवारच्या शाळेत शिकवते. कोणी एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा, हे मुलांकडून मीच घोकून घेते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मनात वैर ठेवून प्रभुभोजन घेऊ नये असं आमच्यात मानतात. त्यामुळे चार महिने भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं की मी ते तसंच शेजारणीकडे सरकवत होते. ती काही विचारायची नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटायची.

दादाचे फोन मी घेत नव्हते, म्हणून तो घरी येऊ लागला. उपासनेहून मी बंगळुरूच्या एचएसआर भागातल्या माझ्या फ्लॅटवर पोचले की थोड्या वेळाने बेल वाजायची. एकदाच. दारावरचा कॅमेरा फोनवर बघावा, तर दादा दाराला चिकटून उभा. मान वळवलेली, डोळे मिटलेले, उजवा गाल पुढे. इतका निश्चल, की माणूस हलला तरच पेटणारा मजल्यावरचा दिवा विझून जाई आणि स्क्रीनवर तेवढा करडा गाल उरे. भर दुपारी माझ्या अंगावर काटा यायचा. तो जाईपर्यंत मी आत श्वास रोखून उभी असायचे.

वाटायचं, हा मला माझाच धडा म्हणून दाखवतोय. एक मारलास, आता हा घे दुसरा. त्यापेक्षा त्याने शिव्या दिलेल्या परवडल्या असत्या. एकदा मी आतून हळूच म्हटलं, "जा ना दादा." तो गेला नाही. गाल आणखी जवळ आला, सगळा स्क्रीन भरून. मी घाबरून फोन पालथा ठेवला.

गेल्या रविवारी मात्र सहन होईना. मी दार उघडलं. दिवा लागला.

"कशाला छळतोस मला?"

दादाने घाईने मान वळवून उजवी बाजू माझ्याकडे केली. "स्वल्प, जरा इकडून बोल. डावा कान गेलाय."

"कधी?"

तो माझ्या चपलांकडे बघत राहिला. मला पुन्हा विचारायचा धीर झाला नाही.

"तू आत आहेस का, म्हणून दाराला हा कान लावायचो," तो म्हणाला. "एकदा काहीतरी बोललीस. नीट कळलं नाही. काय म्हणाली होतीस?"

माझा उजवा हात मी पदरात गुंडाळला.

"आत ये म्हणाले होते," मी त्याच्या चांगल्या कानाशी खोटं बोलले, आणि दारातून बाजूला झाले.