बोटभर चकती

"आधी जमीन बघा, मग गाडीला नावं ठेवा."

हे मामांचं वाक्य. गाडी एका अंगाला झुकते अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की मामा फडक्याला हात पुसत बाहेर यायचे. गाडीकडे ढुंकूनही न बघता आधी तिच्या चाकांखालची जमीन न्याहाळायचे आणि हे वाक्य ऐकवायचे. कितीतरी गिऱ्हाइकं गाडी चार हात पुढे सपाट जागी उभी करून, आपल्यावरच हसत, आल्या वाटेनं परत जायची.

शाळेत मामा फार टिकले नाहीत. लहानपणी एका मोडक्या दुचाकीची स्प्रिंग उशाशी घेऊन झोपायचे, असं त्यांची बहीण सांगायची. पुढे त्यांनी घराला लागूनच कारखाना थाटला, त्याची सिमेंटची जमीन स्वतःच्या हातानं ओतली, आणि गेली तीस वर्षं गाड्यांच्या स्प्रिंगा बसवल्या. या सगळ्या काळात हत्यारांची पेटी डाव्याच हातात वागवल्यानं त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला खाली उतरलेला. चालताना वाटे, एखादी भरलेली बादली कुणी त्यांच्या हातात दिली आहे आणि परत घ्यायला विसरलं आहे.

त्या बहिणीची लेक, म्हणजे मामांची भाची, मधमाश्या पाळायची. साठ पेट्या होत्या तिच्या. फुलोरा जिथे असेल तिथे पेट्या न्यायच्या, आणि फुलोरा काही पक्क्या रस्त्याच्या कडेला वाट बघत उभा राहत नाही. म्हणून तिनं लिलावातून एक जुना लष्करी ट्रक घेतला होता. उंच, हिरवा, चारी चाकांवर जाडजूड कॉइल स्प्रिंगा. चिखल असो, ओढा असो, पठ्ठ्या अडायचा नाही. खोट एकच. डिझेलची टाकी, बॅटऱ्या, जादा चाक, सगळं ओझं डाव्या अंगाला, त्यामुळे तो डावीकडे बसला होता. पेट्यांची थप्पी रचली की तीही त्याच बाजूला कलायची. मागच्या खेपेला दोन पेट्या सरकल्या, माश्या चवताळल्या आणि भाचीचा एक डोळा चार दिवस उघडला नाही.

आता सूर्यफुलं उमलली होती. उद्या संध्याकाळी पेट्या भरून निघायचं ठरलेलं. चार दिवस उशीर झाला, की शेतात नुसत्या माना टाकलेल्या फुलांना भेटायला जायचं.

"मामा, बोटभर झुकतो," ट्रक आत घालून ती म्हणाली. "रस्त्यावर मी नीट बघितलंय."

मामांकडे बेअरिंगमधून काढलेली एक पोलादी गोळी होती. बंपरवर काचेचा तुकडा ठेवायचा, त्यावर गोळी ठेवायची. गोळी थांबली तर गाडी सरळ. एरवी ही परीक्षा बाहेर रस्त्यावर व्हायची, पण ट्रक रात्रभर आतच उचलून ठेवायचा होता, म्हणून या खेपेला आतच झाली. मामांनी गोळी ठेवली. ती डावीकडे सुसाट पळाली. मग पाणसळ आणि पट्टी लावून त्यांनी हिशेब केला.

"दोन बोटं."

"एकच असेल हो."

"माश्यांच्या नादानं तुझी नजर गेली. दोन म्हणजे दोन."

लेथवर त्यांनी ॲल्युमिनियमच्या चकत्या उतरवल्या, प्रत्येक बोटभर जाडीची. गाडी जॅकवर उचलायची, लोखंडी घोड्यांवर टेकवायची, चाकाचा आस खाली लोंबू द्यायचा, म्हणजे स्प्रिंग सैल पडते. मग तिच्या डोक्यावर, चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, वाटीत चकती बसवायची. जेवढी चकती जाड, तेवढं ते अंग वर. डाव्या बाजूला पुढे दोन, मागे दोन चकत्या बसल्या. भाची दिवा धरून होती. काम करताना मामा स्प्रिंगशी बोलत, "ये गं, जरा माघार घे, हं, शहाणी." मधेच एक नट त्यांच्या हातून निसटला आणि टणटण करत कुठेतरी गेला.

"जाऊ दे," मामा म्हणाले. "तुझी मामी शोधेल. तिची नजर घारीची. हरवलेला नट कोपऱ्यातून बरोबर काढते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घोड्यांवरून उतरली. मामांनी काचेवर गोळी ठेवली. गोळी हलली नाही. जणू काचेला चिकटली. भाचीनं फुंकर मारली तेव्हा कुठे लाजल्यासारखी थरथरली.

मामांची छाती फुगली. "आता काढ बाहेर. रस्त्यावर ही गोळी हलली, तर आजपासून पाना खाली ठेवीन."

"अहो, कशाला शपथा घेता?" मामी दारातून म्हणाल्या. त्या हातात फरशीचं फडकं घेऊन उभ्या होत्या.

ट्रक बाहेर आला, सपाट डांबरी रस्त्यावर उभा राहिला. मामांनी काच ठेवली, गोळी ठेवली.

गोळी उजवीकडे पळाली, बंपरवरून उडी मारून थेट रस्त्यावर.

भाचीनं ती उचलून आणली. मामांनी पुन्हा ठेवली. पुन्हा उजवीकडे. तिसऱ्यांदा ठेवली नाही. डावीकडे झुकणारा ट्रक आता बोटभर उजवीकडे झुकला होता. मामांनी खिशातला पाना काढला, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि उंबऱ्यावर ठेवला. अगदी हळू, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

सूर्यफुलं राहू देत, पण मामांचा हात असा रिकामा भाचीनं कधी बघितला नव्हता.

"मामा, अहो..."

"बोललो ते बोललो."

मामींनी फडकं बादलीत टाकलं. त्या आल्या, भाचीच्या हातातली गोळी घेतली, कारखान्याच्या मधोमध गेल्या आणि ती जमिनीवर ठेवली.

गोळी क्षणभर विचारात पडली. मग निघाली. डावीकडे, ऐटीत, वेग घेत, थेट दाराजवळच्या कोपऱ्यात कपाटाखाली. आत कशावर तरी आपटून टिंग वाजली. मामींनी खाली हात घालून गोळी काढली. सोबत कालचा नटही निघाला.

"माझी नजर घारीची नाही," मामी म्हणाल्या. "तीस वर्षं ही जमीन मी पुसते. पाणी कुठे जातं ते मला विचारा. तुमचा प्रत्येक नट याच कोपऱ्यात येतो, मी नुसती वाकते."

मामांनी वाकून आपली जमीन न्याहाळली. जगाच्या जमिनी बघितल्या, आपली तेवढी बघायची राहिली! त्यांचं पोट आधी हललं, मग खांदे, आणि मग हसण्याचा असा गडगडाट झाला की भाचीला बंपर धरावा लागला. डोळे पुसत ते म्हणाले, "इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं का? ओतली तेव्हा जगात अशी सपाट जमीन नाही म्हणून आळीभर सांगत होता."

"म्हणजे एक बोट गाडीचं आणि एक जमिनीचं," भाची म्हणाली. "माझी नजर गेली म्हणत होतात ना?"

"गप गं, डंखवाले."

"पाना ठेवीन म्हणालात, ठेवलात," मामी म्हणाल्या. "शपथ फिटली. आता उचला. पोरीला उशीर होतोय."

मामांनी पाना उचलला. या वेळी रस्त्यावरच जॅक लागला. पुढची एक चकती निघाली, मागची एक निघाली. दुपारच्या आत काचेवरची गोळी अशी स्वस्थ बसली की शेजारच्या शिंप्यानं मशीन थांबवून येऊन बघितली. काढलेल्या दोन चकत्या मामींनी घेतल्या, गरम भांडी ठेवायला.

भाचीनं इंजिन चालू केलं. मामांनी पाना पेटीत टाकला, पेटी डाव्या हातात घेतली आणि चहाच्या टपरीकडे निघाले, आळीला स्वतःची फजिती स्वतःच सांगायला. डावा खांदा खाली, उजवा वर, शीळ घालत.

मामी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"गाड्या सरळ करतोय गडी," त्या म्हणाल्या. "त्याच्या या खांद्याखाली मात्र एक चकती कुणाला घालता आली नाही."

भाची हसत आरशातून बघत राहिली. मामा दोघींकडे पाठ करून, तसेच झुकत, रस्त्याच्या वळणापर्यंत गेले आणि दिसेनासे झाले.