धुवणाचं तळं

स्थापत्याचा डिप्लोमा झाला तेव्हा वाटलं होतं, रस्ते बांधीन, फार तर एखादा पूल. नोकरी लागली ती गिट्टीच्या खदानीवर, पार जिल्ह्याच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी. तिथे दगड भरडून वाळू करत आणि ती पाण्याने धूत. धुऊन जे राखाडी, पिठासारखं पाणी उरे ते मातीची पाळ घालून अडवलेल्या खोलगटात सोडत. कामगार त्याला धुवणाचं तळं म्हणायचे. ते सांभाळणं हे माझं काम.

सांभाळायचं म्हणजे पाणी पाळीला टेकू द्यायचं नाही. पाळीशी गाळ सुकत राहिला पाहिजे, पाणी पलीकडच्या कोपऱ्यात. तिथून ते पंपाने उचलून पुन्हा धुण्याला वापरायचं. पावसाचं जास्तीचं सांडव्यातून जायचं. पायथ्याशी थोडं पाझरतंच, आणि पाझर नितळ असेल तोवर भीती नसते. गढूळ झाला की समजायचं, पाणी आतून पाळीची माती खात आहे.

पाळीखाली, नाल्याच्या काठाला, एक गोंड म्हातारी एकटीच राहायची. नवरा वारलेला, मुलगी सेवाग्रामला दवाखान्यात सफाईच्या कामाला. एक विहीर, वांग्या-मिरच्यांची वाडी, काही बकऱ्या. बकऱ्यांशी ती गोंडीत बोलायची, माझ्याशी मराठीत. पायथा पाहून झाला की मी तिच्याकडे चहा प्यायला थांबायचे. तळ्याबद्दल तिने एकदाच विचारलं होतं, की हे एवढं डोक्यावर कोणाच्या भरोशावर ठेवलं. मी म्हटलं, माझ्या. ती हसली आणि चुलीत काडी सारली.

मग एका उन्हाळ्यात लीज संपली. क्रशर ट्रकवर चढलं, धुण्याचं यंत्र चढलं, शेवटी पंपही. मी खदानीच्या मालकांना, शेठना, गाठून सांगितलं, तळं असं सोडता येत नाही. पाणी उपसून घ्यावं लागेल, पायथ्याला दगडाचा आधार द्यावा लागेल, वर मुरूम पसरून झाडोरा धरू द्यावा लागेल. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. तसे ते वाईट नव्हते. कामगारांच्या पोरीबाळींच्या लग्नाला जायचे.

"मॅडम, आता ते तळं आपलं नाही," ते म्हणाले.

मग कोणाचं, तर म्हणे सरकारचं. मी वर्ध्याला दोन-तीन कचेऱ्या फिरले. एकीकडे सांगितलं, लीज संपली म्हणजे खदान संपली, आता त्यांच्याकडे बघण्यासारखं काही नाही. दुसरीकडे म्हणाले, आम्ही पाण्याचं धरण बघतो, हा तर चिखल आहे. सगळ्यांनी बसायला खुर्ची दिली. गावात एकाने विचारलं, त्यात मासे सोडता येतील का.

माझी नोकरीही गेलीच होती. तरी रविवारी वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेच्या घरून स्कूटी काढून मी जायचे. नवरा म्हणायचा, आता तुझा काय संबंध. पाऊस सुरू झाला आणि पाणी सरकत सरकत पाळीला टेकलं. सांडव्यात दरड बसली होती. मी फावड्याने उकरू लागले तर म्हातारीही कुदळ घेऊन वर आली. दोघींनी मिळून तो मोकळा केला. पुढच्या रविवारी तो पुन्हा बुजलेला होता.

श्रावणात झड लागली. चार-पाच दिवस सूर्य दिसला नाही. त्या रविवारी मी पायथ्याशी वाकून पाझर बाटलीत धरला, तर पाणी नव्हतं, राखाडी ताक होतं. मी तशीच तिच्या झोपडीत गेले आणि म्हटलं, माय, आत्ता निघायचं.

ती चुलीपाशी बसली होती. "तू म्हणतेस त खरं असन. पण बकऱ्या घेऊन कुठी जाऊ मी?"

वरच्या शाळेच्या ओट्यावर, मी म्हटलं. तिने गोधडी डोक्यावर घेतली, बकऱ्या सोडल्या. दुपारी आम्ही ओट्यावर उभ्या असताना पाळ बसली. आवाज असा झालाच नाही. मधला भाग खाली गेला आणि त्यातून राखाडी लोंढा, घट्ट, सावकाश, वाडीवरून, विहिरीवरून गेला. झोपडीचं छप्पर तेवढं वर राहिलं. ती एका बकरीच्या पाठीवर हात ठेवून बघत होती.

साहेब आले, पंचनामा झाला. माणूस मेलं नव्हतं, म्हणून पुन्हा कोणी आलं नाही.

हिवाळ्यात तो चिखल, म्हातारीच्या बोलीत गारा, वाळून भेगाळला. तिने त्यातच मिरची लावून पाहिली. रोपं पिवळी पडून वाकली. विहीर उपसायला माणसं लावली, पण बाजूचा गाळ पुन्हा आत येऊन बसला. शेवटी बकऱ्या विकून ती सेवाग्रामला मुलीच्या एका खोलीच्या घरात राहायला गेली. तिथे अंगणही नाही.

मी आता दुसऱ्या खदानीवर असते. तिथेही धुवणाचं तळं आहे. बंद करायचा खर्च चालू धंद्यातूनच बाजूला काढा, असं मी नव्या मालकाला वरचेवर सांगते. तो म्हणतो, पाहू. त्याचा पंप चालू आहे तोवर मी पाझर बघते, आणि पंप एक दिवस ट्रकवर चढणार हेही मला माहीत आहे.

सेवाग्रामला कामाने गेले की म्हातारीला भेटून येते. मागच्या खेपेला ती दारात बसून तांदूळ निवडत होती. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग मान वर न करताच विचारलं, "मले खरं सांगजो. थो गारा माह्या वावरातून कवा निंगन?"

फुटलेल्या पाळीमागे अजून अर्धा गाळ तसाच आहे, दर पावसात थोडा थोडा खाली येतो, हे मी तिला सांगितलं नाही.

"नाई निंगत, माय," मी म्हटलं.

तिने मान हलवली. सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि पुढचे तांदूळ ओढले.