बेचाळिसावा संपकरी

पाणीपुरवठा कार्यालयात पेन्शनच्या टेबलावर बसणाऱ्या हेडक्लार्कला सगळे त्रुटीराव म्हणत. अर्थात पाठीमागे. समोर 'साहेब'. एकवीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून निवृत्तीची एकही फाईल पहिल्या फेरीत पुढे सरकली नव्हती. कुणाच्या सहीतला फाटा कमी, कुणाच्या जन्मतारखेवर शाई सांडलेली, कुणाच्या फोटोत डावा कान दिसत नाही. त्रुटीराव समासात लाल शाईने 'त्रुटी' लिहीत आणि म्हातारी माणसं कठड्याला धरून पुन्हा जिना उतरत. "नियम मी केलेत का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नियम त्यांनी केले नव्हते हे खरं. ते दुसऱ्याला लावताना जी गोडी लागे, ती मात्र अगदी त्यांची स्वतःची होती.

अशा माणसाने वयाच्या बावन्नाव्या वर्षी स्वतःच्या पेन्शनचा अंदाज काढायला घेतला. कारण होती बदली. पुढच्या महिन्यात त्यांची रवानगी धरणावरच्या कार्यालयात होणार, ही बातमी पक्की होती. तिथे एक खोली, एक चौकीदार आणि बाकी सगळं पाणी. सहा वर्षं तिथे काढायची, तीही एकट्याने. आणि लोकांना घाम फोडणाऱ्या त्रुटीरावांना एकट्याला झोप लागत नसे. वीस वर्षं नोकरी झालेल्याला मुदतीआधी निवृत्त होता येतं. त्यांची तर अठ्ठावीस झाली होती. बदलीचा हुकूम निघण्याआधी अर्ज मंजूर झाला की सुटले.

त्यांनी अंदाज तीन तऱ्हांनी काढला. एकदा संगणकावर, एकदा वहीत आणि एकदा आंघोळ करताना तोंडी. तिन्ही उत्तरं जुळली तेव्हा त्यांना स्वतःविषयी फार आदर वाटला.

"अहो, पुन्हा पुन्हा मोजून आकडा वाढतो का?" बायकोने विचारलं.

"वाढत नाही, पण खात्री होते. आपलं दोघांचं आरामात भागतंय बघ."

"पैशांचं भागेल हो. तुम्ही घरी बसून माझ्या डब्यांमध्ये त्रुटी काढाल, त्याचं काय करू?"

त्रुटीराव हसले. मेव्हण्याला फोन करून त्यांनी बातमी कळवून टाकली, शेजाऱ्यांना जिन्यात गाठून सांगितली. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

स्वतःची फाईल स्वतः तपासायची नाही, म्हणून ती लेखाविभागातल्या बाईंकडे गेली. बाई कुणाच्या अध्यातमध्यात नसत. त्यांनी सेवापुस्तक पानापानाने वाचलं, त्या वर्षाचं हजेरीपत्रक मागवलं आणि चौथ्या दिवशी त्रुटीरावांना बोलावलं.

"साहेब, एकोणीस वर्षांपूर्वी एक दिवसाचा संप झाला होता ना?"

"झाला असेल. मी असल्या भानगडीत नसतो."

"मग त्या दिवशी तुमच्या नावापुढे रकाना कोरा कसा?"

त्रुटीरावांना तो दिवस आठवला. एका टँकर ड्रायव्हरला नाहक निलंबित केलं म्हणून तो संप झाला होता. वरून धमकी आली होती की जो गैरहजर राहील त्याची आधीची सगळी नोकरी बाद. तरी एक्केचाळीस जण फाटकाबाहेर उन्हात उभे राहिले. बेचाळिसावे त्रुटीराव. आत जावं तर संपकरी शिव्या घालणार, बाहेर उभं राहावं तर साहेब बघणार. त्यांनी घरी पांघरुणात दिवस काढला आणि रजेचा अर्जही दिला नाही. न जाणो, अर्जावरून कुणी काही विचारलं तर? पुढे तडजोड झाली. संपकऱ्यांची नावं कळवा, त्यांचा तो दिवस माफ करतो, असं वरून आलं. यादी त्रुटीरावांनीच केली. एक्केचाळीस नावं लिहिली आणि आपल्या अब्रूला डाग नको म्हणून स्वतःचं गाळलं.

"म्हणजे असं झालंय बघा," बाई शांतपणे म्हणाल्या. "ज्यांनी संप केला त्यांचा दिवस माफ. तुमचा नाही. तुमची नोकरी त्या दिवशी तुटली. आधीची नऊ वर्षं गेली, उरली एकोणीस."

"वीस लागतात," त्रुटीराव पुटपुटले.

"नियम मी केलेत का?" असं बाई म्हणाल्या नाहीत. भल्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "यादीत नाव नजरचुकीने राहिलं असा अर्ज करा. त्या संपातल्या दोघांची साक्ष जोडा. शुक्रवारपर्यंत मिळाली तर मी पुढे पाठवते."

संपातली माणसं आता सगळी निवृत्त. आणि निवृत्त म्हणजे प्रत्येकाने त्रुटीरावांचा जिना चढलेला. त्यांचा म्होरक्या होता तोच टँकर ड्रायव्हर. सहीतल्या एका फाट्यापायी त्याची पेन्शन त्रुटीरावांनी एकोणीस महिने अडकवली होती. तेवढ्या काळात त्याने बायकोच्या बांगड्या मोडल्या. तेव्हा ते त्याला 'ए ड्रायव्हर' म्हणत. गुरुवारी संध्याकाळी चौकातल्या बाकापाशी ते त्याला 'काका' म्हणाले. अडला हरी, दुसरं काय.

बाकावर तिघे म्हातारे होते. मधला ड्रायव्हर, एका बाजूला पंप चालवणारा फिटर, दुसऱ्या बाजूला मीटर वाचणारा. फिटरचे कान पंपाच्या घरघरीत केव्हाच गेले होते. त्रुटीरावांनी उभ्यानेच सगळं सांगितलं आणि टाईप केलेला कागद पुढे केला.

ड्रायव्हरने तो सावकाश वाचला. "'आमच्यासोबत संपात हजर होते.' कुठे उभे होता हो? आम्ही तर दिवसभर एकमेकांची तोंडं बघत होतो."

"काका, एका सहीचा प्रश्न आहे."

"माझाही एका सहीचाच होता." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच त्रुटीरावांना जास्त भीती वाटली. "सही करतो. कागदावर काय, काहीही लिहिता येतं. पण त्याआधी आम्हाला तोंडाने खरं सांगा. त्या दिवशी कुठे होता?"

चौकात रहदारी होती. ओळखीचा दुकानदार दारात उभा होता. निघून जावं असं त्रुटीरावांना वाटलं. मग धरणावरची ती खोली आठवली.

"घरी होतो," ते म्हणाले.

"आजारी?"

"नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "घाबरलो होतो. तुम्हालाही आणि साहेबालाही."

"मोठ्याने बोला. फिटरला ऐकू येत नाही."

"मी घाबरलो होतो!"

दुकानदाराने मान वळवली. एक सायकलवाला पाय टेकून थांबला. एकवीस वर्षं लाल शाईमागे बसलेला माणूस भर चौकात उघडा पडला होता. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लाजेने की सुटल्यासारखं वाटून, हे त्यांना त्या क्षणी सांगता आलं नसतं. मीटरवाला तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिला.

ड्रायव्हरने खिशातून पेन काढलं, कागद मांडीवर ठेवला आणि पहिली सही केली. मग त्याने तो फिटरपुढे सरकवला.

"काय म्हणतोय हा?" फिटरने विचारलं.

ड्रायव्हर त्याच्या कानाशी वाकून ओरडला, "म्हणतोय, संपात आपल्याबरोबर होता!"

फिटरने त्रुटीरावांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"खोटं बोलतोय मेला," तो म्हणाला, आणि त्याने खाली सही केली.