पडीताचे पैसे

माझे सासरे माझ्याशी खांबामार्फत बोलायचे. खोटं वाटेल, पण तेव्हा आमच्या गावात सासऱ्याने सुनेशी थेट बोलायची पद्धत नव्हती. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. आबा ओसरीवर बसून मधल्या खांबाकडे बघत विचारायचे, "खांबा, चहा व्हयना का?" आणि मी आतून चहा घेऊन यायचे. मी काही विचारलं तर उत्तरही खांबालाच मिळायचं. माझं माहेर जळगावातलं, पिंप्राळ्याचं. तिथे माझे वडील सुनेशी राजकारणावर भांडायचे. त्यामुळे नव्या नवलाईत मला या खांबाचा भयंकर राग यायचा. पुढेपुढे मीही कमी नव्हते. आबांचं दुखणंखुपणं मी खांबाला विचारायला लागले.

गाव धुळ्याहून पारोळ्याकडे येताना आत वळून. मी तिथल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. पंचक्रोशीत इंग्रजी बोलणारी बाई मी एकटीच, म्हणून नव्वदीच्या सुरुवातीच्या एका हिवाळ्यात युरोपातल्या शेतकऱ्यांचा एक जथा जिल्ह्यात शेती बघायला आला, तेव्हा त्यातलं एक जोडपं आमच्या घरी दिवसभरासाठी पाठवलं गेलं. डेन्मार्कचे होते. नवरा-बायको दोघंही शेतकरी, पन्नाशीच्या आसपासचे, उन्हाने लाल झालेले. गावाला डेन्मार्क वगैरेशी कर्तव्य नव्हतं. विलायतेचे पाहुणे आले, एवढं पुरे होतं.

थंडीत पाहुणा आला आणि त्याला भरीत घातलं नाही, तर खानदेशात तोंड दाखवायला जागा राहत नाही. आणि आमचं भरीत व्हायचं ते पडीतात.

पडीत म्हणजे आमच्या मळ्याच्या टोकाला, नाल्याच्या काठाने गेलेला एक लांबट पट्टा. दोनचार बोरी, बाभळी, एक मोठा निंब आणि कमरेएवढं गवत. आबांनी तो कधी नांगरला नव्हता. कारण विचारलं की म्हणायचे, तिथे झोप छान लागते. त्यांच्या झोपेखेरीज तिथे बरंच काही चालायचं. गावाच्या भरीत-पार्ट्या तिथे व्हायच्या, शेणाच्या गोवऱ्या तिथे वाळायच्या, पोरं बोरं खायला तिथे जायची आणि अक्काच्या बकऱ्या तिथे चरायच्या.

अक्काचं घर विहाराच्या मागे. नवरा गेलेला, मुलगा दीपनगरला पॉवर हाउसमध्ये चांगल्या नोकरीवर. तो दर सणाला येऊन आईला म्हणायचा, चल माझ्याकडे, क्वार्टर आहे, नळ आहे, पंखा आहे. अक्का म्हणायची, "आनि बकऱ्या? त्या का गच्चीवर चरतीन?" तिच्याकडे वितभर जमीन नव्हती. बकऱ्या होत्या, प्रत्येकीला नाव होतं, आणि गावात तिच्या तोंडाला कोणी लागायचं नाही. मला ती फार आवडायची. आबांचीही ती लहानपणापासूनची भांडणाची सोबतीण होती.

त्या वर्षी मात्र पडीताचे दिवस भरले होते. माझ्या जेठांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, ट्रॅक्टर आणला होता. विहिरीला पाणी होतं, कापसाला भाव होता आणि एवढी जागा नुसती बसून आहे हे त्यांना बघवत नव्हतं. त्यांनी चार लोकांदेखत आबांकडून शब्द घेतला: संक्रांत झाली की पडीत नांगरायचं. आबा हो म्हणाले, आणि आबांनी दिलेला शब्द मागे घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तेव्हापासून ते पडीतात झोपायलाही जाईनासे झाले. अक्काने मुलाला निरोप धाडला, की बकऱ्यांना गिऱ्हाईक बघ, मी येते. हे तिने मला सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण हातातली बकरी काही सोडत नव्हती.

अशात हे पाहुणे आले.

दुपारी आम्ही सगळे पडीतात जमलो. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ झाला, त्यात ती मोठाली हिरवी-पांढरी वांगी गेली. भाजण्याचं काम गड्यांचं, पण वांगं कधी उलटायचं आणि कधी काढायचं, हे अक्का दुरून ओरडून सांगायची. डेन्मार्कच्या बाईने पायातले बूट काढले आणि सरळ काठवटीशी बसून वांगी ठेचायला घेतली. गावच्या बाया तिच्यावर त्याच क्षणी खूश झाल्या. मिरचीचा ठसका लागून तिच्या डोळ्यांना धारा लागल्या, तरी ती मुसळी सोडेना.

आता गप्पा. पाहुणा मला इंग्रजीत सांगणार, मी मराठीत सांगणार, पण कोणाला सांगणार? समोर आबा बसलेले, बाजूला जेठ, दोघांशीही मी थेट बोलायचं नाही. पडीतात खांब नव्हता. आबांनी इकडेतिकडे बघितलं आणि निंबाकडे तोंड करून म्हणाले, "अक्काले सांग म्हना, अक्का माले सांगी." अशी व्यवस्था लागली. पाहुणा मला, मी अक्काला, अक्का आबांना. मी अक्काला जे सांगायचे ते आबांना हातभर अंतरावर बसून नीट ऐकू यायचं, तरी अक्काने अहिराणीत पुन्हा सांगेपर्यंत ते चेहऱ्यावर काही दाखवायचे नाहीत. काय सांगू, मला हसू आवरत नव्हतं.

आबांनी विचारलं, तिकडे काय पेरता. गहू आणि जव, पाहुणा म्हणाला. पण सगळ्या शेतात नाही. काही शेत आम्ही मोकळं सोडतो आणि सरकार आम्हाला त्याचे पैसे देतं.

मी त्याला दोनदा विचारलं. मला वाटलं, माझ्याच इंग्रजीत काही खोट आहे. पण नाही. तिकडे धान्य इतकं पिकलं की गोदामांत मावेना. सरकारने बांधलेल्या भावाने ते विकत घ्यायचं, साठवायचं, बाहेरच्या देशांत भाव पाडून विकायचं, असं चाललेलं. शेवटी पेरूच नका, त्याचेच पैसे घ्या, इथवर गोष्ट आली. मी हे अक्काला सांगितलं. अक्काने हातातली भाकरी खाली ठेवली.

"आबा, पडीत वावरना पैसा विलायतनं सरकार देस."

जेठांचा घास हातात राहिला. आबा निंबाकडे बघत म्हणाले, "काहीच नही पेरानं, आनि पैसा?"

"काहीच नही पेरानं," अक्का म्हणाली.

पाहुण्याला हसायला आलं नाही. तो म्हणाला, मला हे पैसे घ्यायला लाज वाटते. ज्याचं शेत मोठं त्याला जास्त मिळतात, तो शेजारच्या लहान शेतकऱ्याचं शेत विकत घेतो आणि आणखी मोठा होतो. आमच्या गावची शाळा बंद व्हायला आली, इतकी कमी घरं उरली. तेव्हा पुढची वांगी ठेचणारी त्याची बायको मुसळी थांबवून म्हणाली, पण मोकळ्या सोडलेल्या शेतात चंडोल पक्षी परत आलेत. मी लहान असताना सकाळी त्यांच्या आवाजाने उठायचे, मधे ते दिसेनासेच झाले होते. आम्ही तिकडे भांडतोय, की रिकामं बसण्याचे पैसे देऊ नका, चंडोलाचे द्या, मातीचे द्या आणि लहान शेतकऱ्याला आधी द्या. ती बोलत असताना तिच्या गालाला वांग्याची राख लागलेली होती. तिचं बोलणं मला इतकं पटलं की मी ते अक्काला सांगताना चार वाक्यं माझ्या पदरची घातली.

अक्काने मग स्वतःचा एक प्रश्न घातला. "याले इचार वं बाई, जेनाकडे वावरच नही, त्याले काय देतस?"

मी विचारलं. पाहुणा म्हणाला, "काहीच नाही."

"मंग ते बी आठेसारखंच शे!" अक्का म्हणाली आणि खदखदून हसली. सगळे हसले. पाहुण्याने मला विचारलं, ती काय म्हणाली, आणि 'तुमचंही इथल्यासारखंच' असं मी सांगितल्यावर तोही हसला आणि त्याने अक्काच्या पानात स्वतःच्या हाताने भरीत वाढलं.

आता आबांचा खरा प्रश्न आला. "त्याले इचार, आमले बी देतीन का?"

मी विचारलं. तो म्हणाला, नाही हो, ते फक्त आमच्या देशांतल्या शेतकऱ्यांना. मी अक्काला स्वच्छ सांगितलं, "नाही. फक्त त्यांच्याकडच्या लोकांना."

अक्काने आबांकडे तोंड वळवलं आणि डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, "देखतीन म्हने."

बघतील म्हणे! मी हबकले. तोंड उघडलं तर अक्काचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. आणि मी बोलणार तरी कोणाशी होते? पाहुण्यांसमोर, गावासमोर, सासऱ्याला 'अहो, ती खोटं सांगतेय' म्हणायची माझी छाती नव्हती. आबांनी मान डोलावली. "देखतीन म्हने," ते जेठांना म्हणाले, "मंग नांगर कसाले घालाना? पैसा येवाना शेतस." पैसे यायचेत, म्हणजे नांगर थांबला.

त्यानंतर पंधरवडाभर गावात जी धमाल झाली, तिची आठवण आली की मी आजही एकटीच हसते. जी माणसं जन्मभर आपल्या काळ्या मातीच्या बढाया मारत आली, ती आपल्याच जमिनीची निंदा करायला लागली. हायस्कुलाच्या खिडकीशी येऊन एकेक जण मला सांगायचा, बाई, माझ्या खडकाळात कुसळसुद्धा उगवत नाही, साहेबाला कळवा. दुसरा म्हणायचा, त्याचं काय घेऊन बसलात, माझ्याकडे तर साप पण राहत नाही. गावची सगळ्यात चांगली बागायत असलेल्या माणसाने आपलं शेत इतकं टाकाऊ ठरवलं की त्याच्या मुलाची ठरत आलेली सोयरीक अडली. मी घसा कोरडा करून सांगायचे, कोणी पैसे देणार नाही. कोणाला खरं वाटायचं नाही. सरकारचं मास्तरणीला काय कळणार, असं त्यांचं मत पडलं.

जेठांनी आपल्या बायकोकरवी मला विचारून घेतलं. मी खरं ते सांगितलं. ते तावातावाने आबांकडे गेले, "धाकटी म्हनस काहीच भेटाव नही." आबा शांतपणे म्हणाले, "अक्कानी सांगं ते काय खोटं शे?" संक्रांत आली, गेली. ट्रॅक्टर पडीताच्या बांधाशी दोनदा येऊन परत गेला. अक्काने मुलाला निरोप पाठवला, की गिऱ्हाईक राहू दे, माझं यायचं लांबलं. त्या दिवशी तिने मला दुधाची कासंडी भरून दिली. मी तिच्यावर रागावले होते, माझ्या तोंडचं बदलून सांगितलं म्हणून. पण दूध घेतलं. आणि खरं सांगायचं तर मला आतून फार आनंद झाला होता.

पुढची सगळी वर्षं हे चालत राहिलं. थंडीत भरिताला जमलो की अक्का सगळ्यांदेखत विचारायची, "आबा, विलायतना पैसा उना का?" आणि आबा निंबाला टेकून म्हणायचे, "येतीन, येतीन. तवलग चारी ले तुन्या बकऱ्या." हळूहळू गावाला कळून चुकलं, की काही येणार नाही. पण आबा मानायचे नाहीत, आणि म्हाताऱ्या माणसाच्या आशेवर नांगर कोण घालणार? जेठ तर पुढे पडीतातच खाट टाकून दुपारची झोप काढायला लागले.

दशक संपत आलं तेव्हा आबांनी वाटण्या करायचं मनावर घेतलं. ओसरीवर सगळे जमले. मी दारामागे उभी होते. अक्का पायरीवर बसली होती, मांडीवर एक करडू होतं. विहीर, मळा, घर, सगळं झालं आणि पडीत राहिलं. जेठ म्हणाले, ते अर्धं अर्धं करू. अक्का करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. अर्ध्या-अर्ध्यात तिला कुठे जागा होती?

"पडीत वाटानं नही," आबा म्हणाले. "ते जसं शे तसं ऱ्हाऊ द्या. तेना पैसा येवाना शेतस."

बसलेले सगळे हसले. आबा हसले नाहीत. त्यांनी खांबाकडे बघितलं, मग खांबावरून नजर काढली आणि दाराकडे वळून सरळ माझ्याकडे बघितलं.

"पोरी, तू तवय अक्काले काय सांगेल व्हतं, ते मी ऐकेल व्हतं. मना कान चांगला शेतस."

मला कळेना, की कशाने जास्त गडबडले, त्यांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं याने, की ते माझ्याशी बोलले याने. दिलेला शब्द ते मोडू शकत नव्हते आणि पडीतही मोडवत नव्हतं. त्या दुपारी अक्काने त्यांच्यापुढे एक वाट टाकली आणि ते इतकी वर्षं तोंड न उघडता त्या वाटेवरून चालत राहिले.

अक्का पायरीवरून उठली. "म्हनजे इतला वरीस तुम्ही माले बनाडं?"

"मी तुले बनाडं का तू माले?" आबा म्हणाले.

अक्का हसायला गेली आणि तिला रडूच आलं. तिला रडताना मी पहिल्यांदा बघत होते. करडू तिच्या हातातून सुटून ओसरीभर उड्या मारत फिरलं, वाटणीला आलेल्या पंचांची पागोटी सावरता सावरता पुरेवाट झाली, आणि जेठच त्याच्यामागे धावले. त्या गोंधळात मी रडत होते की हसत होते, मला आठवत नाही.

"पोरी," आबा पुन्हा म्हणाले, "चहा ठेव. अक्काले जास्त दूधना."

मी "हो आबा" म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि आत जाऊन चूल पेटवली.