चौथ्या दिवसाचं पाणी

पाऊस लागला की लोक वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर धावतात. वानखडेकाका बाटली लावायला धावायचे. बाटली प्लास्टिकची, पावसाच्याच पाण्याने तीनदा विसळलेली, आणि तिच्या पोटावर चिठ्ठी : वारा कुठून, मागचा पाऊस होऊन किती दिवस झाले. आम्ही महाराजपुरात नवे राहायला आलो तेव्हा समोरच्या गच्चीवर भिजत उभा असलेला हा म्हातारा पाहून मी बायकोला म्हणालो, शेजार जरा हललेला दिसतो. पुढे कळलं की ते कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेत. हललेलं कोण, हे कळायला आणखी तीन वर्षं लागली.

काका पावसातलं फ्लोराइड शोधायचे. पाण्यात औषधाचे गुलाबी थेंब टाकायचे. रंग पिवळटला की समजायचं, आहे. "खूप दिवसांनी न्हाणाऱ्या माणसाचं पहिलं पाणी पाहिलं का कधी, बाबू? आभाळाचंही तसंच असते." पावसाने दडी मारली, वारा वीटभट्ट्यांकडून आला, की पहिल्या सरीत रंग जरासा उतरायचा. ते पाणी ते सांडून द्यायचे. झड लागली आणि वारा नदीवरच्या ग्वारीघाटाकडचा असला की रंग जसाच्या तसा. तेव्हा म्हणायचे, आता भरा ड्रम. त्यांच्या सांगण्यावरून सात घरं गच्चीचं पाणी पीत होती.

हे वेड कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. यवतमाळकडच्या त्यांच्या गावात विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडनेच थोरल्या भावाचे आधी दात डागाळले, मग हाडं आखडली. "हाक मारली तर मान नाही वळायची त्याची. अख्खा माणूस वळायचा." सांगताना ते स्वतःची मान हळूच इकडेतिकडे फिरवून पाहत होते.

माझ्या बोरचं पाणी त्यांनी दोनदा मागितलं. मी दोन्ही वेळा हसण्यावारी नेलं. कॉलनीत सगळ्यांत खोल बोर आमचा, याचा मला कोण अभिमान! शहाळं आहे शहाळं, असं मी येईल त्याला सांगायचो.

त्या वर्षी चार दिवसांची झड लागली आणि नेमका काकांचा गुडघा सुजला. चौथ्या दिवसाची बाटली आणायचं काम माझ्याकडे आलं. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि ओल्या जिन्यावर उभा राहून मी शास्त्रज्ञाच्या थाटात स्वतःचा फोटो काढत होतो. बाटली सहा पायऱ्या उतरली. वर पाहिलं तर पाऊस थांबलेला. पाणी म्हणजे पाणी, असा विचार करून मी घरी गेलो, स्वयंपाकघरातल्या नळाखाली बाटली भरली आणि गंभीर चेहऱ्याने नेऊन दिली.

काकांनी थेंब टाकले. रंग पिवळाधमक. त्यांनी पुन्हा टाकले. पुन्हा तेच.

"चार दिवस धुतलेलं आभाळ आहे हे. वारा घाटाकडचा. मग हे आलं कुठून?"

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ते छत्री घेऊन सुजल्या गुडघ्यानिशी बाहेर पडलेसुद्धा. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. ड्रमचे नळ बंद करा, हे सांगत ते दारोदार फिरत होते आणि मी माझ्या थापेवर छत्री धरून मागोमाग. तिसऱ्या घरातल्या आजींनी विचारलं, आता प्यायचं काय, भैयाजी? काका म्हणाले, माहीत नाही. ज्या आभाळाचा त्यांना भरवसा होता, तेच उलटलं होतं.

फाटकाबाहेर येऊन मी सगळं सांगून टाकलं. जिना, फोटो, नळ. दोन शिव्या खायच्या तयारीत होतो.

काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण अर्ध्यातच थांबले.

"कोणता नळ?"

"स्वयंपाकघरातला. बोरचा."

"पोरगी तेच पिऊन राहिली?"

मिनू तेव्हा पाच वर्षांची होती. काका थेट आमच्या घरी आले, तिला खिडकीपाशी उभी केली आणि आ करायला लावलं. ती खदखदा हसत होती. ते एकेक दात निरखत होते.

"इथे येऊन किती झाले?"

तीन वर्षं, मी म्हणालो.

"हे दुधाचे आहेत. पक्के आत बनून राहिले. आतापासून बंद केलं तर जे वाचलं ते वाचलं." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "दोनदा मागितलं होतं रे मी."

त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या ड्रममधलं पाणी आमच्याकडे पाठवलं. तेव्हापासून आम्ही तेच पितो. आता आमच्याही गच्चीवर ड्रम आहे.

काका मागच्या थंडीत गेले. परवा मिनूने खालचा दात हलवून दाखवला. नवा कधी येईल, याची तिला फार घाई आहे. मला नाही.