हॅलो न म्हणता

मिनल ओव्हाळ इंग्रजी वाचायला लागली की देहूरोडच्या त्या चाळीत शेजारीपाजारी दारात येऊन उभे राहत. अर्थ कुणालाच कळत नसे. तिचे वडील किसन, तिचे अण्णा, पिंपरीच्या एका कंपनीत हेल्पर होते. रविवारी कुठूनतरी इंग्रजी पेपर आणून ते तिच्या हातात देत आणि ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एका दमात पळत सुटे, स्वल्पविराम, पूर्णविराम सगळे तुडवत.

"पोरगी थांबतच न्हाई," शेजारच्या सोजरबाई म्हणत, आणि किसनची मान ताठ होई. साहेबलोक इंग्रजीत बोलू लागले की त्यांची स्वतःची जीभ टाळ्याला चिकटायची. मुलीची तशी गत होऊ नये, एवढंच त्यांना हवं होतं. इंग्रजी म्हणजे फाडफाड. जो मध्ये थांबला, त्याला येत नाही.

किसन आता नाहीत. मिनल चाकणच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते. तिथे प्रेसवर ब्रेकचे लोखंडी पार्ट निघतात आणि इंग्लंडमधल्या एका कंपनीत जातात. तिथल्या एलन नावाच्या बाईंशी दर गुरुवारी दुपारी कॉम्प्युटरवरच्या फोनवर बैठक असते. फाडफाड बोलणारी सगळ्या विभागात एकच, म्हणून बैठक तिच्याकडे आली. त्यामुळे लाइनवरची उभ्याची ड्युटी सुटली, रात्रपाळी सुटली. गिरजाबाईंना, तिच्या आईला, लेक रोज संध्याकाळी घरात दिसू लागली.

आणि मग विभागप्रमुख गव्हाणे साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. साहेब रागावणाऱ्यातले नव्हते. टेबलावरचा पेन इकडून तिकडे करत म्हणाले, "त्या बाईंनी विचारलंय, बैठकीला दुसरं कुणी मिळेल का."

"माझं इंग्रजी कमी पडलं का सर?"

"इंग्रजी उत्तम आहे म्हणतात. पण तुझ्याशी बोलता येत नाही म्हणतात." साहेबांनी पेन ठेवून दिला. "मलाही नीट कळलं नाही बघ. या गुरुवारी तूच बस, ऐनवेळी दुसरं कोण मिळणार? पण हेच चालू राहिलं तर मला तुला परत लाइनवर घ्यावं लागेल."

बैठकांचं रेकॉर्डिंग होत असे. साहेबांना विचारून तिने ते फोनवर घेतलं आणि कंपनीच्या बसमध्ये कानाला लावलं. आधी तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तो होता, सगळ्या गारा एकाच वजनाच्या. मग तिला दुसरी गोष्ट ऐकू आली. एलनबाई बोलता बोलता थांबल्या की ही लगेच म्हणे, "हॅलो? हॅलो? कॅन यू हिअर मी?"

त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. फोनवर समोरचा गप्प झाला म्हणजे लाइन कटली, हे कोण जाणत नाही? माणूस जिवंत असेल तर हं म्हणेल, हो म्हणेल, निदान खोकेल. एलनबाई मात्र दर वेळी शांतपणे म्हणत, येस, ऐकू येतंय. आणि पुढच्या विषयाकडे वळत. काहीतरी मागे राहून जाई. दर गुरुवारी, त्याच ठिकाणी.

मोशीच्या ट्रॅफिकमध्ये बस उभी होती. शेजारी प्रेसशॉपचा सुपरवायझर आरिफ बसला होता. "काय मॅडम, गाणी का? डोळे मिटून चाललंय."

"एलनबाई ऐकतेय."

"एवढे दिवस काय करत होतात मग?"

"बोलत होते राव," मिनल म्हणाली आणि एक इअरफोन त्याला दिला. "ऐक. द डायमेन्शन्स आर फाइन."

"मापं फाइन आहेत म्हणतात. झालं की. साहेबांना कळवा."

"आता हे ऐक. द पॅकिंग इज फाइन."

आरिफने खांदे उडवले. पण मिनलच्या अंगावर काटा आला होता. पॅकिंगच्या वाक्यात आवाज एकेक पायरी उतरत तळाला टेकला होता आणि दार लोटल्यासारखा बंद झाला होता. मापांच्या वाक्यात 'डायमेन्शन्स'वर तो उंच चढला, घसरला आणि अगदी शेवटी किंचित वर वळला. जिना उतरता उतरता शेवटच्या पायरीवर कुणी मागे वळून पाहावं, तसा. शब्द तेवढेच, पण पॅकिंगवाली बाई बोलून मोकळी झाली होती आणि मापांवाली अजून पायरीवर उभी होती.

घरी गिरजाबाई भाकरी थापत होत्या. मिनलने विचारलं, "आई, समज मी म्हणाले, मापं बरोबर आहेत. आणि मग म्हणाले, मापं तर बरोबर आहेत. फरक काय?"

"दुसऱ्यात कायतरी गडबड हाय."

"कशावरून?"

"आगं, 'तर' म्हनलीस न्हवं? मापं तर बरोबर, मंग वाईट काय, ते सांग की."

मिनल उंबऱ्यावरच बसून राहिली. आपला 'तर' कागदावर दिसतो, आपला 'च' दिसतो. ती तिकडची इंग्रज माणसं हेच सगळं नुसत्या आवाजात मिसळतात, पिठातल्या मिठासारखं. म्हणजे छापलेलं इंग्रजी अर्धंच होतं. उरलेलं अर्धं कुणाच्या तरी गळ्यात, श्वासात, दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेत होतं. रविवारचा पेपर चाळीत पोचला, त्याचा आवाज काही पोचला नाही. त्यात अण्णांचा काय दोष? समुद्राच्या काठी शिंपले वेचत मोठं व्हावं आणि एक दिवस मान वर करून पाणी पाहावं, तसं तिला झालं. तिला थोडी भीतीही वाटली.

आणि थांबणं? पौर्णिमेला विहारात वंदना होते. भन्तेजी एक चरण म्हणून थांबतात, तेव्हा सगळा हॉल थांबतो. तिथे कुणी हॅलो म्हणत नाही.

गुरुवारी बैठकीला आरिफ शेजारी बसला होता. दाराशी गव्हाणे साहेब उभे होते. एलनबाईंनी पॅकिंगचं सांगितलं, आवाज तळाला टेकला. मग म्हणाल्या, "द डायमेन्शन्स आर फाइन." शेवटी तेच वळण.

आणि त्या थांबल्या.

मिनलच्या जिभेवर हॅलो येऊन उभा राहिला. तिने तो गिळला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. आरिफ कुजबुजला, "लाइन गेली वाटतं," आणि त्याने माउसकडे हात नेला. मिनलने त्याचं मनगट धरलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. रिकाम्या स्पीकरमधून तिला फार लांबचा श्वास ऐकू येत होता. एक माणूस बोलावं की नाही ते ठरवत होता. इतक्या मैलांवरून ते ऐकू येतं, हे तिला खरं वाटेना.

मग एलनबाई हळू बोलू लागल्या. मापं ड्रॉइंगप्रमाणे आहेत, तक्रार करता येत नाही. पण भोकाच्या कडेला बारीक धार राहते. त्यांच्याकडे एक वयस्कर बाई हे पार्ट हाताने बसवते. तिचे हातमोजे फाटतात, बोटं कापतात. पुष्कळ दिवस सांगायचं होतं.

मिनलने आरिफला मराठीत सांगितलं. तो खाली बघत म्हणाला, "भोक पाडायचा पंच बोथट झालाय, त्यानं ती धार राहते. माहीत होतं मला. माप बसत होतं म्हणून चालवत होतो. आजच काढून धार लावतो."

मिनलने ते इंग्रजीत सांगितलं. सावकाश. 'टुडे' या शब्दावर सगळं वजन ठेवून, बाकीचे शब्द हलके सोडून. आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला.

पलीकडे पुन्हा शांतता पसरली. या खेपेला आरिफनेही हात हलवला नाही.

"सेम टाइम नेक्स्ट वीक, मिनल?" एलनबाईंचा आवाज तिच्या नावावर वर चढला आणि तिथेच थांबून राहिला. दारातले साहेब मान डोलावून प्रेसशॉपकडे निघून गेले.

मिनलने एक श्वास जाऊ दिला. मग "येस" म्हणाली, आणि तो एवढासा शब्द पार तळापर्यंत उतरू दिला.